व्हॅनमध्ये सायकली अशा बांधा की घाटातही हलणार नाहीत

नाशिकमधून कुठल्याही दिशेला निघा, तास-दोन तासांत घाट लागतोच. मुंबईकडे कसारा, पुण्याकडे संगमनेरच्या पुढे चंदनापुरी, धुळ्याकडे चांदवडजवळचा राहुड, पेठ रस्त्याला सावळघाट आणि कोटंबी, वणीवरून पुढे सापुतारा. सायकली मात्र आपण सोसायटीच्या सपाट पार्किंगमध्ये बांधतो. तिथे त्या ताठ उभ्या राहतात, दार लागतं आणि काम झालं असं वाटतं.

बांधणीची खरी परीक्षा घाटात होते. उतारावर ब्रेक लागला की सगळा भार पुढे ढकलला जातो, वळणांवर तो डावी-उजवीकडे झुकतो आणि चढावर मागच्या दाराकडे सरकतो. मुंबईला जाताना आपण कसारा उतरतो, परतताना चढतो. म्हणजे एकाच फेरीत पुढची आणि मागची अशा दोन्ही बांधण्या तपासल्या जातात. बहुतेक लोक सायकल बाजूला पडणार नाही एवढीच काळजी घेतात. पुढे-मागे ती मोकळीच असते.

घरची ईको किंवा तशीच छोटी व्हॅन आणि दोन-तीन सायकली, असा प्रसंग मुख्यतः धरून मी लिहितो आहे. गटाने जाताना टेम्पो किंवा सीट काढलेली ट्रॅव्हलर करतात, त्याबद्दल शेवटाकडे वेगळं सांगेन.

किती जोर येतो, ते आधी समजून घ्या

गाडी ६० किलोमीटरच्या वेगात असते तेव्हा आतली सायकलही ६० च्याच वेगात असते. गाडी एकदम थांबली आणि सायकलीला कुणी धरून ठेवलं नसेल, तर ती त्याच वेगात पुढे जाते. ६० च्या वेगातला तो दणका साधारण १४ मीटर उंचीवरून पडण्याइतका असतो, म्हणजे इमारतीच्या चौथ्या-पाचव्या मजल्यावरून. ८० च्या वेगाला हीच उंची २५ मीटर होते. आणि सायकलीच्या समोर चालकाची मान असते.

युरोपात माल बांधण्याचं जे मानक आहे, त्यात पुढच्या दिशेला मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूला व मागे ५० टक्के एवढा जोर धरून बांधणी करायला सांगितलं आहे. १५ किलोच्या सायकलीला हा हिशोब लावला तर पुढे १२ किलो आणि बाजूला साडेसात किलो. ऐकायला किरकोळ वाटतं. जोरात ब्रेक मारला किंवा झटक्यात वळण घेतलं तर एवढंच बळ येतं आणि ते साधी दोरीही सहन करेल, फक्त ती योग्य दिशेला आणि सैल न पडता बांधलेली हवी. टक्कर झाली तर मात्र हे बळ वजनाच्या वीसपटीपर्यंत जाऊ शकतं. मग १५ किलोची सायकल ३०० किलोच्या ओझ्यासारखी ओढते. म्हणून दिशा नीट हवी आणि पट्टा व तो अडकवायची जागा दोन्ही भक्कम हवेत.

या सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही: सायकल गाडीला बांधायची, शेजारच्या सायकलीला नाही. तीन सायकली एकमेकींना करकचून बांधल्या की त्या घट्ट वाटतात, हलवल्या तर हलत नाहीत. प्रत्यक्षात आपण ४५ किलोचा एकच गठ्ठा तयार केलेला असतो, आणि तो गठ्ठा गाडीला कुठेच बांधलेला नसतो.

मोजमाप

टेप घेऊन गाडीत तीन मापं घ्या: पुढच्या सीटच्या पाठीपासून मागच्या दारापर्यंतची लांबी, चाकांवरच्या उंचवट्यांमधली जमिनीची रुंदी आणि मागच्या दाराच्या चौकटीची उंची. तिसरं माप हमखास राहून जातं. आत छत उंच असतं, पण दाराची चौकट त्यापेक्षा खाली असते, आणि सायकल अडकते ती तिथेच.

रोड बाइकची लांबी साधारण १६५ ते १७० सेंटीमीटर असते. २९ इंची चाकांची एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची माउंटन बाइक, १८० ते १९० पर्यंत जाते. पुढचं चाक काढलं की रोड बाइक १३५ ते १४५ वर येते, एमटीबी १५० ते १६० वर. चाक काढून चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, जमिनीलगत टेकवला की पुढची बाजू जवळपास पाऊण फूट खाली जाते, त्यामुळे हँडलही छताला लागत नाही. छोट्या व्हॅनसाठी पुढचं चाक काढणं हाच सरळ मार्ग आहे.

हँडलची रुंदीही मोजा. रोड बाइकचं हँडल ४० ते ४४ सेंटीमीटर, एमटीबीचं ७२ ते ८०. दोन एमटीबी एकाच दिशेला तोंड करून शेजारी उभ्या केल्या तर हँडल एकमेकांत घुसतात. एकीचं तोंड पुढे, दुसरीचं मागे ठेवलं की तेवढ्याच जागेत दोन्ही सुखाने मावतात.

मधली सीट काढायची किंवा दुमडायची असेल तर तिचे बोल्ट एका डबीत ठेवा आणि सीट परत बसवताना पूर्ण आवळा. सीएनजीची गाडी असेल तर मागच्या भागात सिलिंडर असतो. त्याच्या चौकटीला किंवा नळीला काहीही बांधू नका, सायकल त्यावर टेकवू नका, आणि व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचेल एवढी जागा मोकळी सोडा.

लांबी पुरत नाही म्हणून मागचं दार अर्धवट उघडं ठेवून, चाक बाहेर काढून निघायचं हा प्रकार रस्त्यावर दिसतो. तो करू नका. उघड्या दारामुळे सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. शिवाय गाडीबाहेर आलेल्या मालावर मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपयांचा दंड आहे.

बांधायला काय लागतं

२५ मिलिमीटर रुंदीचे कॅम बकलचे पट्टे हे या कामाचं मुख्य साहित्य. दात असलेल्या चापातून पट्टा ओढायचा, हाताने जेवढा ताण येईल तेवढाच येतो, आणि चाप दाबला की एका क्षणात सुटतो. दर सायकलीला चार धरा.

रॅचेट पट्टा वेगळा. त्याच्या दांड्याने आपल्या हाताचा जोर कित्येक पटींनी वाढतो आणि ताण सहज शंभर-दोनशे किलोच्या पुढे जातो. फळी किंवा स्टँड गाडीला आवळायला तो उत्तम. सायकलीच्या नळीवरून मात्र रॅचेट पट्टा कधीच आवळू नये. कार्बनची फ्रेम आतून तडकते आणि वरून काहीच दिसत नाही, अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ नळीला पोचा येतो. पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवर एलसी असं लिहून पुढे पट्टा किती जोर सहन करतो त्याचा डेकान्यूटनमध्ये आकडा असतो. एक डेकान्यूटन म्हणजे ढोबळमानाने एक किलोचा जोर. ज्या पट्ट्यावर लेबलच नाही तो विकत घेऊ नका.

पट्टे नसतील तर दोरी चालते, पण कोणती ते बघा. नायलॉनची दोरी ताणते, भिजली की आणखी ताणते, त्यामुळे इगतपुरीच्या पावसात बाहेरून आत ओली सायकल ठेवली की दोरी हमखास सैल पडते. दोरीला ताण द्यायची टेम्पोवाल्यांची पद्धत शिकून घ्यावी अशी आहे. दोरीच्या मध्यावर एक फास करायचा, टोक खालच्या कडीतून फिरवून वर आणायचं, त्या फासातून ओवून पुन्हा खाली ओढायचं. ओढलं की ताण जवळपास दुप्पट बसतो. मग ताण धरून ठेवतच शेवटची गाठ मारायची, आणि ती सुरगाठ. निरगाठ मारली तर रात्री अंधारात, दमलेल्या बोटांनी ती सुटत नाही आणि शेवटी दोरी कापावी लागते.

बंजी, म्हणजे आकड्यांची इलॅस्टिक दोरी, सुटी चाकं दाबून ठेवायला चांगली. सायकल धरून ठेवायला नाही. ब्रेक लागला की ती ताणते, सायकल पुढे जाते, आणि मग ती सायकलीला तेवढ्याच जोरात मागे फेकते.

बाकी साहित्य घरातच असतं. सायकलीची जुनी ट्यूब फेकू नका. तिच्या आडव्या चकत्या कापल्या की जाड रबरबँड मिळतात, उभ्या पट्ट्या कापल्या की बांधायला मऊ, न घसरणारी दोरी मिळते. फ्रेमच्या मधे घालायला पुठ्ठा हवा. आपल्याकडे द्राक्षांच्या हंगामात पिंपळगाव-ओझर पट्ट्यात पॅकिंगचे पुठ्ठे मिळायला काही अडचण नाही, त्यांचा नालीदार जाड पुठ्ठा या कामाला फार छान. गोणपाटही चालतं, फक्त त्यात माती नसावी, नाहीतर रंगावर पॉलिश पेपर घासल्यासारखे ओरखडे उठतात.

सायकल तयार करणं

गाडीत चढवण्याआधी सायकल हलकी करा. बाटली, पंप, दिवे, सायकल कॉम्प्युटर, सीटखालची बॅग, सगळं काढून एका पिशवीत. ब्रेक लागला की हीच सुटी वस्तू आधी उडते.

चेन मागे आणि पुढे, दोन्हीकडे सर्वांत मोठ्या चक्रीवर आणा. मागे मोठ्या चक्रीवर आल्याने डिरेल्युर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, आत सरकून चाकाच्या आडोशाला जातो. पुढे मोठ्या चक्रीवर चेन असली की तिचे दात झाकले जातात आणि शेजारच्या सायकलीचा रंग वाचतो. डिरेल्युर ज्या छोट्या हँगरवर टांगलेला असतो तो मुद्दाम मऊ धातूचा बनवतात, म्हणजे दणका बसला तर तो वाकेल आणि फ्रेम वाचेल. पण वाकलेल्या हँगरने गिअर पडत नाहीत, आणि तुमच्या सायकलीला बसणारा हँगर वाटेतल्या गावात मिळण्याची शक्यता फार कमी.

सायकली दाटीने ठेवायच्या असतील तर पेडल काढा. १५ मिलिमीटरचा पाना किंवा अ‍ॅलन की लागते. उजवं पेडल नेहमीसारखं घड्याळाच्या उलट दिशेने सुटतं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं. परत बसवताना आधी हाताने दोन-तीन फेरे फिरवा आणि मगच पाना लावा, कारण क्रँकमधले आटे गेले तर क्रँकच बदलावा लागतो. एकच फेरी असेल तर पेडल न काढता त्यांच्यावर जाड मोजे किंवा गोणपाट बांधलं तरी भागतं.

पुढचं चाक काढल्यावर डिस्क ब्रेकच्या सायकलीत कॅलिपरच्या, म्हणजे डिस्क पकडणाऱ्या चापाच्या, पॅडमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा किंवा दोन-तीन पदरी दुमडलेला पुठ्ठा घाला. हायड्रॉलिक ब्रेकचा दांडा चाक नसताना चुकून दाबला गेला तर पॅड आत सरकून चिकटतात आणि मग चाक बसत नाही. अशी सायकल उलटी करूनही नेऊ नका. टाकीतली हवा नळीत उतरते आणि ब्रेक स्पंजासारखा लागतो.

ई-सायकल असेल तर बॅटरी काढून वेगळी, पुढे चालकाच्या भागात, उन्हापासून लांब ठेवा. बॅटरी काढल्याने वजनही दोन-तीन किलोंनी उतरतं.

फळी: एकदा करा, कायम वापरा

वर्षातून दोनदा सायकली न्यायच्या असतील तर ही खटपट करायची गरज नाही. पण महिन्याला एखादी तरी सहल होत असेल तर फळी बनवूनच घ्या. एवढ्या खर्चात दुसरा कुठलाही उपाय इतका निर्धोक नाही.

१८ मिलिमीटर जाडीचा प्लायवूड गाडीच्या जमिनीच्या मापाने कापून घ्यायचा. त्याच्या पुढच्या कडेला चिमटा अडकवायचे ठोकळे बसवायचे. तयार फोर्क माउंट मिळतात. नाहीतर सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतात: जुना, लोखंडी, क्विक रिलीजचा (दांडा उघडून चटकन सुटणारा) पुढचा हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, घ्यायचा, आतलं बेअरिंग आणि ग्रीस काढायचं, हबचं कवच अँगलच्या तुकड्यावर वेल्ड करायचं आणि गार झाल्यावर अ‍ॅक्सल परत बसवायचा. साध्या पुढच्या हबचं माप १०० मिलिमीटर असतं, त्यामुळे चिमटा त्यात चपखल बसतो. थ्रू-अ‍ॅक्सलच्या, म्हणजे चिमट्यातून आरपार जाणाऱ्या जाड आसाच्या, सायकलींना हे चालत नाही. त्यांची मापं १२ बाय १००, १५ बाय १००, १५ बाय ११० अशी वेगवेगळी असतात आणि त्याच मापाचा माउंट किंवा अडॅप्टर लागतो. जबरदस्तीने काहीतरी बसवलं तर चिमट्याचे टोक खराब होतात.

ठोकळे लाकडी स्क्रूने बसवू नका. आरपार बोल्ट, खालून मोठा वायसर आणि लॉक नट. खाली नटसाठी खड्डा कोरला नाही तर फळी डगमगते. दोन ठोकळ्यांमधलं अंतर एकाच दिशेच्या सायकलींना ४५ ते ५० सेंटीमीटर ठेवा, उलटसुलट ठेवणार असाल तर ३० पुरतं. फळीच्या खाली जाड रबर मॅट अंथरा. रबरमुळे फळी मुळातच सरकत नाही आणि पट्ट्यांवरचं निम्मं काम कमी होतं. मागच्या चाकासाठी फळीवर दोन लाकडी पट्ट्या ठोकून खाच केली की चाक बाजूला जात नाही.

फळी गाडीला चार कोपऱ्यांतून रॅचेट पट्ट्यांनी बांधायची, तिरक्या दिशेला, म्हणजे पुढचे पट्टे मागे ओढतील आणि मागचे पुढे. अडकवायला जागा कुठली घ्यायची? सीटचे पाय जिथे जमिनीला बोल्टने धरलेले असतात ती सर्वांत खात्रीची. जमिनीतल्या मूळच्या कड्या असतील तर त्या. दाराचा दांडा, खिडकीवरची धरायची मूठ, प्लॅस्टिकची कोणतीही पट्टी या जागा कधीही वापरू नका. हाताला त्या घट्ट लागतात, पण आत दोन बारीक स्क्रूंवर असतात.

चढवणं आणि बांधणं

सर्वांत जड सायकल आधी, चालकाच्या सीटपासून जितकी दूर आणि मध्यभागी जमेल तितकी. चेनची बाजू उजवीकडे असते, म्हणून उलटसुलट ठेवताना दोन सायकलींच्या चेनच्या बाजू समोरासमोर येणार नाहीत असं बघा. आल्याच तर मधे पुठ्ठ्याचे दोन थर घाला.

चिमटा ठोकळ्यात बसवून क्विक रिलीज आवळा. दांडा बंद करताना तळहातावर त्याची खूण उमटली पाहिजे. मग पहिला पट्टा मागच्या चाकाला. रिम आणि टायरभोवतून, आऱ्यांना न दाबता, खाली फळीला. हा पट्टा बरेच जण मारत नाहीत, चिमटा धरला आहे ना म्हणून. पण मागचं चाक मोकळं राहिलं तर वळणावर सायकलीचं सगळं ढुंगण डावी-उजवीकडे जातं आणि ती पिळवट चिमट्याच्या बारीक टोकांवर येते.

आता वरचे दोन पट्टे. सीटच्या खाली, सीटपोस्टच्या वरच्या भागाला एक डावीकडे, एक उजवीकडे, दोन्ही तिरके खाली गाडीच्या कडांकडे. शक्य तितका ४५ अंशांचा कोन ठेवा. पट्टा फारच उभा असेल तर तो नुसता खाली दाबतो, बाजूला धरत नाही. एक किंचित पुढे आणि एक किंचित मागे ओढला तर पुढे-मागेही आधार मिळतो. चौथा पट्टा हँडलच्या मुळाशी, स्टेमला, मागच्या दिशेने. कसारा उतरताना खरं काम करतो तो हाच.

पट्टे एकाच बाजूचा पूर्ण आवळून मग दुसरा, असं करू नका. दोन्ही अर्धे ओढा, सायकल सरळ उभी आहे का बघा, मग दोन्ही पूर्ण. उरलेली शेपटी गुंडाळून ट्यूबच्या रबराने बांधा, मोकळी लोंबली तर ती चाकात किंवा दारात अडकते.

फळी नसेल आणि पुढचं चाक लावलेलंच असेल, उदाहरणार्थ मडगार्ड-कॅरियरवाल्या साध्या सायकली, तर हँडलवर ब्रेकचा दांडा दाबून त्यावर ट्यूबची चकती चढवा. पुढचं चाक लॉक होतं आणि सायकल घरंगळत नाही. मग दोन्ही चाकं खाली, सीट दोन्ही बाजूंना, अशी बांधणी.

आडवी टाकून नेणं शेवटचा पर्याय. टाकलीच तर डावी बाजू खाली, चेनची बाजू वर, खाली गादी, आणि एकीवर दुसरी नाही. आडव्या सायकलीलाही पट्टे लागतात. नुसती पडून आहे म्हणून ती जागची हलणार नाही असं समजू नका.

काढलेली पुढची चाकं कापडी पिशवीत, डिस्क बाहेरच्या बाजूला येणार नाही अशी, दोन पट्ट्यांनी गाडीच्या भिंतीला. डिस्कवर तेलकट हात किंवा ग्रीस लागलं तर ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. कुणाचा कुठला स्क्यूअर, म्हणजे क्विक रिलीजची सळई, ते कळावं म्हणून तो छोट्या पिशवीत घालून त्याच सायकलीच्या फ्रेमला बांधा.

शेवटी सीट धरून जोरात हलवा, पुढे-मागे, डावी-उजवीकडे. सायकलीसोबत गाडीही शॉक-अ‍ॅब्झॉर्बरवर हलली पाहिजे. गाडी स्थिर आणि सायकल हलते, तर बांधणी पुन्हा करा.

आणि माणसं? सायकलींच्या पुढच्या ओळीत माणूस बसवायचा असेल तर मधे सीटची पाठ किंवा जाळी हवीच. सायकलींच्या शेजारी जमिनीवर चटई टाकून मुलांना बसवणं तर अजिबात नको.

रस्त्यात

पहिल्या १० ते १५ किलोमीटरनंतर थांबून पट्टे तपासायचे. टायर दबतात, पट्टे जागेवर बसतात, पुठ्ठा चेपतो, त्यामुळे पहिला ताण थोडा तरी सैल होतोच. मुंबईकडे निघालात तर विल्होळीला, पुण्याकडे तर सिन्नरच्या अलीकडे. घाट सुरू व्हायच्या आधी पुन्हा एकदा, म्हणजे कसाऱ्यासाठी इगतपुरीला. गाडी भाड्याची असेल तर चालकाला निघतानाच सांगून ठेवा: "दादा, विल्होळीला आणि इगतपुरीला दोन-दोन मिनिटं थांबू, पट्टे बघायचेत. आणि घाटात खालच्या गिअरमध्येच उतरवा." आधी सांगितलं की कुणी नाही म्हणत नाही. मधेच गाडी थांबवायला लावली की घाई होते.

समृद्धी महामार्गावर सायकल चालवायला परवानगी नाही, त्यामुळे तिकडून जायचं तर सायकल गाडीतूनच न्यावी लागते. तिथे मोटारींना १२० ची मर्यादा आहे. सायकली भरलेली व्हॅन मात्र ८० च्या पुढे नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. वेगाचा दणका दुपटीने नाही, वर्गाच्या पटीत वाढतो.

उन्हाळ्यात बंद गाडी उन्हात उभी करून जेवायला बसू नका. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा कितीतरी वर जातं. टायरमध्ये हवा पूर्ण भरलेली असेल तर थोडी कमी करून ठेवा, आणि टायर फुगवायच्या सीओटू कार्ट्रिज गाडीत तापत ठेवू नका. पावसाळ्यात उलट त्रास: ओल्या सायकली बंद गाडीत ठेवल्या की चेनवर एका रात्रीत गंज चढतो. चढवण्याआधी फडक्याने पुसा, चेनला तेलाचे चार थेंब द्या, जमिनीवर जुनी वर्तमानपत्रं पसरा.

गटासाठी टेम्पो

२०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत पूर्ण केली आणि ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ ठरला. त्यानंतर शहरात लांब पल्ल्याचं सायकलिंग फार जोमात वाढलं. आता पंढरपूरची सायकल वारी असो, २००-३००-६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या सायकल फेऱ्या, असोत की पुणे ते गोवा ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर, जाताना किंवा परतताना सायकली गाडीतून आणाव्याच लागतात. आणि परतीचं भरणं हे दमलेल्या माणसांनी केलेलं असतं. ४० तासांच्या मुदतीत ६०० किलोमीटर संपवलेल्या माणसाला पट्ट्याचा कोन दिसत नाही. म्हणून सायकली भरायचं काम त्या दिवशी न चालवलेल्या दोघांकडे द्या, आणि बाकीच्यांनी मदतीला पण त्यांचं ऐकून.

टेम्पोत सायकली आडव्या ओळीत, म्हणजे गाडीच्या रुंदीला समांतर, उलटसुलट उभ्या करायच्या. यासाठी बांबू सगळ्यांत उपयोगी. सीटच्या उंचीला एक जाड बांबू गाडीच्या लांबीला, पुढच्या आणि मागच्या लोखंडी पट्टीला घट्ट बांधायचा, मग प्रत्येक सायकलीची सीटपोस्ट स्वतंत्र दोरीने त्या बांबूला. सीट बांबूवर अडकवून टांगू नका, नुसती बाजूने बांधा. खाली प्रत्येकीचं एक चाक बाजूच्या कडीला. मधे पुठ्ठा. बांबू गाडीला बांधलेला आहे म्हणून सायकलही गाडीलाच बांधली जाते, शेजारणीवर तिचा भार येत नाही. एक सायकल आधी उतरवायची झाली तरी बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

भरण्याआधी प्रत्येक सायकलीचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि टॉप ट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या वरच्या नळीवर, मास्किंग टेप लावून नाव लिहा. पोहोचल्यावर ओरखडा कुणाचा, कधीचा, यावरून मित्रांमध्ये कटुता येते, ती टळते. रात्री मुक्काम असेल तर लांब केबल लॉक सगळ्या फ्रेममधून ओवून गाडीच्या कडीला लावा.

उतरवताना

शेवटी बांधलेला पट्टा आधी सोडा आणि तो सोडताना दुसऱ्या हाताने सायकल धरा. वरचे दोन्ही पट्टे एकदम सोडले की ती थेट शेजारणीच्या डिरेल्युरवर जाते.

चाक बसवण्याआधी पॅडमधला पुठ्ठा काढा. चाक पूर्ण आत बसलं आहे ना, हे सायकल जमिनीवर टेकवून, तिच्या स्वतःच्या वजनावर ठेवून बघा आणि मगच क्विक रिलीज आवळा. थ्रू-अ‍ॅक्सल १२ ते १५ न्यूटन-मीटर, किंवा त्यावर लिहिलं असेल तेवढा. पुढचा ब्रेक धरून सायकल पुढे-मागे ढकला, हेडसेट, म्हणजे हँडलखालचं बेअरिंग, खटखटतो का ऐका. चाक उचलून फिरवा, डिस्क घासते का बघा. मागचे सगळे गिअर एकदा पाडून बघा. खडखडाट आला किंवा चेन दोन चक्र्यांवर चढू पाहत असेल तर हँगर वाकला आहे. तो हाताने सरळ करू नका, सर्वांत मोठ्या चक्रीवर चेन नेणं टाळा म्हणजे डिरेल्युर आऱ्यांत जाणार नाही, आणि परतल्यावर मेकॅनिककडून हँगर गेजने तपासून घ्या.

पट्टे घरी आल्यावर वाळवून गुंडाळा. कडेला धागे सुटलेले, कापलेले किंवा उन्हाने पांढरे पडून कडक झालेले पट्टे पुढच्या सहलीसाठी बॅगेत परत जाऊ देऊ नका.